[मुंबई] पार्ल्याच्या घराची वारसनोंद: अर्ज घेतला, पोच देत नाहीत

शशी (सध्या पार्ले)
नमस्कार मंडळी. नानांनी गणपतीत सांगितल्याप्रमाणे बाबांच्या मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, ताईचं ना-हरकत पत्र असं सगळं जोडून मालमत्ता कराच्या नोंदीत नाव बदलण्याचा अर्ज दिला. खिडकीवरच्या माणसाने टाचणी काढली, कागद चाळले, टाचणी परत लावली, कोपऱ्यात पेन्सिलीने काहीतरी खरडलं आणि म्हणाला, "ठेवून जा, साहेब बघतील." पोच मागितली तर म्हणे साहेबांनी बघितल्यावर. मंगळवारी रात्री माझं विमान आहे. सरळ माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू का? मसुदा असेल तर कुणीतरी आजच पाठवा. ऑफिसचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

नाना (दादर)
शशी, तुझ्या नावाने टाकू नकोस. तू ओसीआय आहेस, म्हणजे मूळची भारतीय असलीस तरी नागरिकत्व परदेशाचं. माहितीचा अधिकार कलम 3 प्रमाणे फक्त भारतीय नागरिकांना आहे, तेवढं एक कारण दाखवून अर्ज परत करतील. टाकायचाच झाला तर ताईच्या नावाने टाक. पण ते नंतरचं.

आधी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 धर. त्यात नागरिकत्वाची अट नाही. जो त्या सेवेला पात्र, तो हक्काने मागू शकतो, आणि वडिलांच्या घराची वारस म्हणून तू पात्रच आहेस. अर्जाची पोच देणं हे त्यांचं कर्तव्य आहे, साहेबांच्या मर्जीचा प्रश्नच नाही. पोचेवर तारीख हवी, अर्ज क्रमांक हवा आणि काम किती दिवसांत होणार ते हवं. मुदत तिथून मोजतात. पोच नसेल तर उद्या अपिलात काय दाखवशील? पेन्सिलीची खूण?

उद्या त्या खिडकीवर जाऊच नकोस. अर्जाची दुसरी प्रत घेऊन आवक-जावकला जा आणि प्रतीवर शिक्का मारून घे. शिवाय सेवा, मुदत, अधिकारी आणि अपील कोणाकडे, हे सगळं ऑफिसात फलकावर लावायचं बंधन आहे. त्या फलकाचा फोटो काढ.

विनय
नाना, मुंबईच्या कामांचं तुम्हीच बघता, त्याबद्दल वाद नाही. पण आपल्या गटाच्या मेलच्या विषयात [मुंबई] लिहायचं ठरलंय ना? मी आत्ता ते घातलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाची मेल यात कुठच्या कुठे खाली गेली.
शशी, मंगळवारपर्यंत हे होणार नाही. एखादा एजंट गाठ आणि मोकळी हो.

माई (गिरगाव)
विनय, एजंटचा सल्ला देऊ नकोस रे, कळवळून सांगते. आमच्या खोलीच्या वेळी एकाने मूळ कागद "दाखवायला लागतात" म्हणून नेले आणि फोन उचलणंच बंद केलं. ह्यांचं ब्लडप्रेशर त्या काळात जे वाढलं ते वाढलंच. मूळ कागद कोणाच्या हातात देऊ नकोस गं शशी. आणि अर्ज मराठीत आहे ना?

दीपा
माईंना अनुमोदन. ताईच्या नावाने माहिती अर्ज करायचा असेल तर माझ्याकडे मसुदा आहे. एकच विषय ठेवायचा, 150 शब्दांत बसवायचा आणि 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. "काम का झालं नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. "अमुक तारखेच्या अर्जावर कोणत्या दिवशी, कोणत्या पदाच्या अधिकाऱ्याने काय शेरा मारला, त्या टिपणीच्या प्रती द्या" असं विचारा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

माझं प्रॉपर्टी कार्डाचं काम राज्य शासनाच्या ऑफिसात अडलं होतं. तिथे मी दप्तर दिरंगाईचा 2005 चा कायदा लावला होता. फाइल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे कामकाजाच्या 7 दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं त्यात स्पष्ट आहे. ते कलम पत्रात लिहिल्यावर फाइल पुढच्या टेबलावर गेली.

विनय
दीपा, कायदे सगळे बरोबर. पण शशी गेल्यावर सही कोण करणार? ताईच्या नावाने कुलमुखत्यारपत्र मुंबईतच करून ठेवायला हवं. नंतर परदेशात केलं तर वकिलातीत साक्षांकन, मग ते महाराष्ट्रात पोचल्यापासून 3 महिन्यांत मुद्रांक भरणं, हे सगळं मागे लागतं. माझ्या भावाची ती मुदत हुकली होती.

नाना (दादर)
विनय, हे मात्र पटलं. पण फक्त या घरापुरतं आणि या नोंदीपुरतं करा. विकण्याचा अधिकार त्यात नको. सख्ख्या बहिणी असल्या तरी कागद नेमकाच असावा.

शशी (सध्या पार्ले)
आवकच्या बाईंनी अर्ज क्रमांकासकट छापील पोच दिली. "आधीच इकडे यायचं ना," म्हणाल्या. आधीचा अर्ज त्याच टेबलावर गठ्ठ्यात होता, आवक क्रमांकच पडला नव्हता! फलक जिन्याखाली आहे, समोर कपाट ठेवलंय. फोटो जोडलाय, अपिलाच्या अधिकाऱ्याचं पदनाम कपाटामागे गेलंय. कुलमुखत्यारपत्राला ताईबरोबर उद्या जाते. मुदतीत नाही झालं तर पुढे काय?

नाना (दादर)
मुदत संपली किंवा नकार आला की 30 दिवसांत पहिलं अपील. ते त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे. नकार द्यायचा तर लेखी आणि कारणासह, तोंडी "होणार नाही" चालत नाही. मग दुसरं अपील, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. पुरेशा कारणाशिवाय काम अडवलं तर अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो.
पोचेची एक प्रत ताईकडे ठेव, एक मला पाठव. आणि पदनाम नीट वाचून ये, अपिलात पत्ता त्याच पदाचा लागेल.

माई (गिरगाव)
शिपायाला सांगितलंस तर तो कपाट सरकवतो गं. आणि मंगळवारी निघण्याआधी जेवायला ये.