अनुभव धागा : देहबदलाच्या कोरियन मालिका नेमक्या कुठे फसतात?

'बिग' पाहून ज्यांची निराशा झाली आहे, त्यांच्यासाठी हा धागा. नुसतं 'आवडली नाही' लिहू नका. कोणत्या टप्प्यावर गाडी घसरली, कोणता नियम मोडला, काय केलं असतं तर सावरली असती, ते लिहा. देहबदलाच्या इतर कोरियन मालिकांबद्दलही चालेल. शेवट सांगितलेले आहेत, न पाहिलेल्यांनी बेताने वाचा.

सुरुवात माझ्यापासून. 'बिग' केबीएस२ या कोरियन वाहिनीवर ४ जून ते २४ जुलै २०१२ या काळात सोमवार-मंगळवार लागत होती. एकूण १६ भाग, लेखिका हाँग भगिनी. त्यांची आधीची 'माय गर्लफ्रेंड इज अ गुमिहो' (२०१०) आणि 'द ग्रेटेस्ट लव्ह' (२०११) ज्यांनी पाहिली होती, त्यांना अपेक्षा भरपूर होत्या. त्यात 'कॉफी प्रिन्स' (२००७) नंतर तिचा नायक गाँग यू पहिल्यांदाच मालिकेत परतत होता.

कथेचा साचा असा. सो युन-जे हा ३० वर्षांचा डॉक्टर. गिल दा-रान त्याची वाग्दत्त वधू, शाळेत हंगामी शिक्षिका. कांग ग्यंग-जून हा अमेरिकेतून आलेला १८ वर्षांचा विद्यार्थी, तिच्याच शाळेतला. पहिल्याच भागात अपघात होऊन दोघे पाण्यात पडतात. डॉक्टरच्या देहात मुलगा जागा होतो आणि मुलाचा देह कोमात जातो.

गफलत इथेच आहे. याला अदलाबदल म्हणता येत नाही. एक जण दुसऱ्याच्या घरात राहायला गेला आणि दुसरा गायबच झाला. युन-जे काय भोगतोय, त्याला काय वाटतंय, हे कळायला वाटच ठेवलेली नाही. त्रिकोणाचा एक कोन पूर्ण वेळ रुग्णालयातल्या खाटेवर आडवा आहे. मग 'दा-रान कोणाची?' या प्रश्नाला धार कुठून येणार?

रातकिडा

सहमत. मला याहून मोठी चूक चेहऱ्याची वाटते.

'सीक्रेट गार्डन'शी ताडून पाहा (एसबीएस, नोव्हेंबर २०१० ते जानेवारी २०११, २० भाग). तिथे किम जू-वॉन आणि गिल रा-इम एकमेकांत गुंततात ते आपापल्या देहात असताना. पाचव्या-सहाव्या भागापर्यंत देहबदल होतच नाही. तोवर ह्यून बिनचा जू-वॉन कसा चालतो, बोलताना मान कशी वळवतो, अभिनेत्री हा जी-वॉन हिने केलेली स्टंटबाई रा-इम किती कमी बोलते, हे सगळं आपल्या डोळ्यांत बसलेलं असतं. त्यामुळे बदल झाल्यावर ह्यून बिन खांदे आक्रसून बसला की 'ही रा-इम आहे' हे सांगावं लागत नाही. आणि शेवटी दोघं आपापल्या देहात परततात, म्हणजे प्रेक्षकाने ज्या चेहऱ्यावर जीव लावला तोच चेहरा त्याच्या हातात राहतो.

'बिग'मध्ये बदल पहिल्याच भागात. खऱ्या युन-जेला गाँग यूने किती वेळ साकारलं? थोडकाच. शिन वॉन-होने ग्यंग-जूनला किती वेळ? तोही थोडकाच. दोन्ही मूळ माणसं ओळखीची होण्याआधीच उलटापालट झाली. परिणामी आपण ओळखतो ती तिसरीच व्यक्ती, गाँग यूच्या चेहऱ्याचा ग्यंग-जून. प्रेम जमतं ते याच तिसऱ्याशी. न्यायाने त्याला स्वतःच्या देहात परत पाठवायलाच हवं, पण पाठवलं की नायकाचा चेहरा बदलतो. ही गाठ पहिल्या भागातच बसली होती आणि ती सोडवायची तयारी पहिल्या भागापासूनच करायला हवी होती.

उपायही अवघड नव्हता. पात्र आरशात पाहतं तेव्हा, एकटं असतं तेव्हा, मनातलं बोलतं तेव्हा मूळ नट दाखवायचा. दर भागात असे दोन-तीन प्रसंग. सोळा भागांत शिन वॉन-होचा चेहरा आपोआप मनात मुरला असता. 'बिग'ने हे फारच कमी वापरलं, आणि शेवटच्या भागात ग्यंग-जून स्वतःच्या देहात परतल्यावरही त्याचा खरा चेहरा दाखवला नाही. गाँग यूच दिसत राहतो. देह परत मिळण्याचा क्षणही पडद्याआड. ज्या घटनेसाठी पंधरा भाग थांबलो, तीच गाळली.

जास्वंदी

रातकिडा, चेहऱ्याचा मुद्दा पटला. मी भाषेबद्दल लिहिते, कारण सबटायटल वाचून पाहणाऱ्यांचं निम्मं नुकसान तिथेच होतं.

कोरियनमध्ये क्रियापदाला लिंग नसतं. आपल्याकडे 'मी गेलो' की 'मी गेले' एवढ्यावर देहबदलाचं बिंग फुटेल. तिथे नाही फुटत. तिथे बिंग फुटतं नात्याच्या हाकेवरून. पुरुष मोठ्या भावाला किंवा मोठ्या मित्राला 'ह्यंग' म्हणतो, बाई 'ओप्पा' म्हणते. मोठ्या बहिणीला पुरुष 'नूना', बाई 'ऑन्नी'. बाईच्या देहातल्या पुरुषाने 'ह्यंग' म्हटलं की समोरचा दचकतो. इंग्रजी सबटायटलात या चारही शब्दांच्या जागी बहुतेक वेळा त्या माणसाचं नाव येतं आणि विनोद वाहून जातो.

दुसरं म्हणजे बोलण्याची पातळी. जवळच्यांत किंवा लहानांशी 'बानमाल', मोठ्यांशी 'जोंदेतमाल'. आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखंच, फक्त तिथे ते क्रियापदाच्या शेपटात असतं. वाक्य '-यो' किंवा '-निदा'ने संपलं तर आदर, शेपूट गळलं तर सलगी. 'बिग'मध्ये विद्यार्थी शिक्षिकेशी सलगीने बोलतो, पण डॉक्टरच्या देहातून, म्हणून बाहेरच्यांना ते नवरा-बायकोचं बोलणं वाटतं. गाँग यूचं काम इथे खरोखर बारकाईचं आहे: वाक्याचा शेवट ओढणं, ओठ काढणं, खुर्चीत पसरून बसणं. दा-रानच्या आईवडिलांसमोर आला की तोच माणूस ताठ होतो. आवाज बंद करून एखादा प्रसंग पाहा, नुसत्या बसण्यावरून कळतं की आत्ता मुलगा आहे की डॉक्टरचं सोंग.

म्हणून माझं म्हणणं, नटाने मालिका बुडवली नाही. लेखनाने त्याला तिसऱ्या-चौथ्या भागानंतर नवीन काही करायला दिलं नाही.

आणि एक सूचना: अशा मालिकेबद्दल मराठीत लिहिताना क्रियापदाचं लिंग आत्म्याप्रमाणे ठेवा, देहाप्रमाणे नको. 'रा-इमच्या देहातला जू-वॉन मारामारीला घाबरला' असं. एकदा ठरवलं की वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

मुक्काम_पोस्ट

नियमांबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.

देहबदलाला तीन गोष्टी लागतात: कशामुळे होतो, कशाने उलटतो, आणि नाही उलटला तर काय गमावतो. 'सीक्रेट गार्डन'मध्ये जेजू बेटावरच्या गूढ खानावळीतली दारू प्यायल्याने सुरुवात होते आणि पुढे पाऊस पडला की बदल. किंमतही शेवटच्या टप्प्यात चोख वसूल होते. रा-इम बेशुद्ध पडते आणि जू-वॉन तिला शेजारी बसवून स्वतः गाडी चालवत वादळात शिरतो, तिच्या वाट्याचं मरण आपल्या अंगावर घ्यायला. जो पाऊस इतके दिवस विनोदाचा होता, तोच त्या प्रसंगात काळजाचा ठोका चुकवतो. नियम आधी साधेपणाने मांडला आणि मग त्याच्यावर ओझं टाकलं. हीच त्या लेखनाची ताकद. (लेखिका किम उन-सुक. ह्यून बिनला २०११ च्या कोरियातल्या बेकसांग पुरस्कारांत दूरचित्रवाणीचा सर्वोच्च पुरस्कार याच भूमिकेसाठी मिळाला.)

'बिग'मध्ये यातलं काय आहे? 'मिरॅकल' नावाचं चित्रांचं पुस्तक आहे, त्यातून उत्तर मिळेल असं बराच काळ सुचवलं जातं. मग उलगडा होतो की हे दोघे सख्खे भाऊ. आजारी युन-जेला वाचवण्यासाठी त्याच्याच आईवडिलांच्या गर्भापासून ग्यंग-जूनला जन्म दिला गेला. कल्पना जबरदस्त आहे. एका भावाचा जन्मच दुसऱ्याच्या देहासाठी झाला, आणि आता तो त्याच देहात राहतोय! यावर स्वतंत्र मालिका उभी राहिली असती. पण ही गोष्ट उघड झाल्यावर तिचा प्रेमकथेशी सांधा जुळवलेला नाही. 'माझा जीव कोणाच्या कामी यावा म्हणून घडवला गेला' हे कळलेल्या मुलाचा राग, त्या आईवडिलांची लाज, यांना मिळालेली जागा अपुरी. पुन्हा आपण 'ती डॉक्टरवर प्रेम करते की मुलावर' इथेच फिरत राहतो.

शिवाय युन-जे बेवफा होता की नाही, या संशयावर अर्धी मालिका चालवली. रुग्णालयातल्या सहकारी डॉक्टर से-यंगशी त्याचं काहीतरी आहे असं दाखवत नेलं. पुढे कळतं की तो प्रामाणिक होता. प्रामाणिक माणूस कोमात असताना त्याची वाग्दत्त वधू त्याच्याच देहातल्या दुसऱ्याकडे वळते, याचा हिशेब कोणी तरी द्यायला हवा होता. कोणीही देत नाही. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे.

लिंबूटिंबू

शिक्षिका-विद्यार्थी हा भागही अवघडून टाकतो. गाँग यूचा चेहरा पाहताना आपण विसरतो की आत १८ वर्षांचा मुलगा आहे. मालिकेला ते विसरून चालत नाही, कारण कथेचा मुद्दाच तो आहे. शेवटी काळ एक वर्ष पुढे नेऊन प्रश्न मिटवल्यासारखं केलंय.

अभिनेत्री सुझीने केलेल्या मा-रीबद्दलही एक ओळ. ती एकटीच सुरुवातीपासून ग्यंग-जूनवर, त्याच्या खऱ्या रूपावर प्रेम करणारी. तिच्या नजरेतून काही भाग दाखवले असते तर चेहऱ्याची गाठ सुटायला मदत झाली असती. तिला नुसतं हट्टी करून ठेवलं.

कोथिंबीर

'बिग'च्याच वर्षी, त्याच वाहिनीवर 'ऊलाला कपल' आली (ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१२, १८ भाग). तिची निराशा वेगळ्या जातीची. नवऱ्याचं प्रकरण बायकोला कळतं, गोष्ट घटस्फोटापर्यंत जाते आणि दोघांचे देह बदलतात. भूमिका शिन ह्यन-जून आणि किम जंग-उन यांच्या. पहिले भाग भक्कम आहेत, कारण देहबदलाला रोजचं काम मिळालंय. नवरा स्वतःच्याच आईची सून होतो आणि तिची बोलणी खातो. बायको हॉटेलातली त्याची नोकरी सांभाळते. ओट्यापाशी उभं राहण्यापासून साहेबांपुढे वाकण्यापर्यंत सगळं दिसतं. मग मागच्या जन्माची गोष्ट आणि गाठी बांधणारा म्हातारा देव मध्ये आले, रडारड वाढली. माणसांनी स्वतः घ्यायचे निर्णय नशिबाच्या हवाली केले की विनोद तिथेच संपतो.

'अ‍ॅबिस' (टीव्हीएन, २०१९, १६ भाग) ही काटेकोर अर्थाने अदलाबदल नाही. मेलेला माणूस एका जादुई गोळ्याच्या जोरावर उठतो, पण त्याच्या आत्म्याच्या रूपात. देखणी सरकारी वकील मरते आणि 'साधी' होऊन उठते. साधी म्हणून कोण, तर पार्क बो-यंग! आधीच्या देखण्या रूपात पाहुणी कलाकार किम सा-रांग, म्हणजे 'सीक्रेट गार्डन'मधली यून सुल. दोघीही सुंदर असताना 'रूप गेलं' हे दुःख प्रेक्षकाने कशाच्या आधारावर मानायचं? शिवाय 'आत्म्याचं रूप' हा नियम सांगून सोडून दिला आणि मालिका खुन्याच्या मागे धावत गेली.

जास्वंदी

कोथिंबीर, 'मिस्टर क्वीन' राहिली. डिसेंबर २०२० ते फेब्रुवारी २०२१, २० भाग. आजच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासातला आचारी जोसन या जुन्या राजवटीच्या काळातल्या राणीच्या देहात जाऊन पडतो. शिन हे-सनचं काम या प्रकारातलं मला सर्वोत्तम वाटतं: फाकलेले गुडघे, घागरा उचलून टाकलेली ढांग, राजवाड्यातली भाषा अर्ध्यात तुटून आजचे शब्द बाहेर पडणं. ही मालिका लोकप्रिय झाली, तरी शेवट अनेकांना बोचतो. आचारी परत जातो आणि राजाजवळ मूळची राणी उरते. राजाने इतके दिवस प्रेम केलं ते कोणावर? 'बिग'चाच प्रश्न, उलट बाजूने. फरक एवढाच की इथे राणीचा आत्मा देहात असल्याच्या खुणा अधूनमधून पेरलेल्या आहेत, तिच्या आठवणी आचाऱ्याला येत राहतात. म्हणून शेवट बोचला तरी फसवणूक वाटत नाही.

रातकिडा

त्या काळची कामाची पद्धतही लक्षात घ्या. २०१२ च्या सुमारास बहुतेक कोरियन मालिका प्रसारण चालू असतानाच चित्रित होत. आठवड्याला तासाभराचे दोन भाग. उत्तरार्धात संहिता तुकड्या-तुकड्यांनी, कधी चित्रीकरणाच्या दिवशी हातात पडायची. तिला 'च्योकदेबोन' म्हणतात, म्हणजे सुट्या पानांची संहिता. नेहमीची प्रेमकथा यातूनही तगते. देहबदलाची तगत नाही, कारण तिचा शेवट आधी ठरवून मागे खुणा पेराव्या लागतात. म्हणून अशी जुनी मालिका निवडताना बारावा भाग हा तपासणीचा नाका समजा. तोवर परतीचा नियम स्पष्ट झाला नसेल, तर शेवटच्या चार भागांत तो घाईने गुंडाळला जाण्याची शक्यता मोठी.

आणखी एक सूचना. २०१७ नंतरच्या काही मालिकांची भागसंख्या ३२ दिसते. घाबरू नका. मध्ये जाहिरात घेता यावी म्हणून मोठ्या वाहिन्या एका भागाचे दोन तुकडे करत, एकूण वेळ १६ भागांइतकाच.

मुक्काम_पोस्ट

ज्यांना गाँग यूसाठी 'बिग' पाहायचीच आहे त्यांनी १ ते ४ सलग पाहावेत. त्यात देहबदलाचा सगळा विनोद आहे. पुढे पुस्तकाचं आणि भावांचं रहस्य जिथे उलगडतं ते भाग घ्या. से-यंगच्या संशयाचे प्रसंग पुढे ढकलले तरी काही बिघडत नाही. पंधरावा पाहा. सोळावा पाहायचा असेल तर त्याच बैठकीत पाहा, आठवडाभर मनात शेवट रचत बसू नका. आणि 'सीक्रेट गार्डन' अजून पाहिली नसेल तर 'बिग' आधी उरका, उलट क्रमाने नको.