क्रूझवर प्रीमियम क्लास घेतलाय का? कोल्हापूरकरांनो, अनुभव लिहा (अनुभव धागा)

पंचगंगाकाठ

मंडळी, हा धागा मुद्दाम काढतोय. आपल्याकडनं क्रूझला जाणारे लई वाढलेत, कुणी आईवडिलांच्या लग्नाची पन्नाशी म्हणून, कुणी रिटायरमेंटचं म्हणून, आणि जायचंच तर सुईट घेऊया म्हणणारेही वाढलेत. एजंटकडं गेलं की तो फोटो पुढं करतो, त्यात सोफा, बाल्कनी आणि बाथटब दिसतो, पण जादाचे पैसे नेमके कशाला जातात ते फोटोत कुठं कळतंय? माझं स्पष्ट मत आहे की ते खोलीच्या साइजला कमी आणि रांगा वाचवायला जास्त जातात, म्हणून बरोबर कोण आहे ते बघून ठरवावं.

आम्ही सिंगापूरहून गेंटिंग ड्रीमवर गेलो होतो, 'द पॅलेस' मध्ये. हा त्या जहाजातला वेगळा सुईटवाल्यांचा भाग, त्यांचं चेक-इन वेगळं, रेस्टॉरंट वेगळं, स्विमिंग पूल वेगळा आणि दिमतीला बटलर. मरिना बे क्रूझ सेंटरला बाकीची गर्दी बघितली आणि वडिलांचे गुडघे आठवले तेव्हा वाटलं पैसे इथंच वसूल झाले. वडील सोफ्यावर बसून कॉफी पीत होते आणि कागदपत्रं तिथंच तपासून झाली. बटलरला मी पहिल्याच तासात सांगून टाकलं की सकाळी सहाला चहा लागतो, साखर वेगळी, दूध गरम. रोज सहाला आला. ही माणसं मदत करायलाच असतात, पण आपण तोंड उघडून सांगायला पाहिजे, आपल्याकडची वडीलधारी माणसं संकोचतात, 'कशाला त्याला त्रास' म्हणतात, आणि मग सगळी सोय तशीच पडून राहते.

जे गेलेत त्यांनी लिहा. कुठली खोली घेतली, काय उपयोगी पडलं, पुन्हा घ्याल का, सगळं. ज्यांनी साधी बाल्कनी घेऊन मजा केली त्यांनी तर नक्की लिहा.

उद्यमनगरवाला

दादा चांगला धागा. मी फौंड्रीतला माणूस, त्यामुळं मी जहाज बुक करताना आधी डेक प्लॅन काढून बसतो, भाव नंतर बघतो. महाग खोली म्हणजे स्थिर खोली असं अजिबात नसतंय. जहाज दोन तऱ्हेनं हलतं, एक डावी-उजवीकडं डोलतं आणि दुसरं पुढचं टोक वर-खाली होतं. डोलणं कमी करायला खाली दोन्ही बाजूंना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, ते बऱ्यापैकी काम करतात, पण पुढचं टोक वर-खाली होतं त्याला त्यांचा उपयोग नाही. म्हणजे सगळ्यात कमी हालचाल कुठं, तर जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर, आणि सगळ्यात जास्त अगदी पुढं नि वर. आता गंमत बघा, बऱ्याच जहाजांवर महागडे सुईट नेमके पुढं नि वरच असतात कारण तिथनं व्ह्यू भारी. एकदम मागच्या टोकाला घेतली तर बाल्कनी मोठी मिळते आणि जहाजानं कापलेल्या पाण्याचा पांढरा पट्टा दिसत राहतो, पण बंदरात वळताना वगैरे थरथर जाणवते.

अजून एक, डेक प्लॅनवर आपल्या खोलीच्या डोक्यावर काय आहे ते बघा. वर पूल डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, खाली थिएटर किंवा डान्स फ्लोअर असेल तर रात्री उशिरापर्यंत धडधड. वर-खाली दोन्हीकडं खोल्याच असतील तर शांत झोप. बाल्कनीसमोर लाइफबोट येते का तेही बघा, 'ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू' लिहिलेलं असतं बारीक अक्षरात. आणि 'गॅरंटी' नावाचा स्वस्त प्रकार असतो, त्यात खोलीचा दर्जा ठरलेला पण नंबर कंपनी देणार, ज्यांना उलटीचा त्रास आहे त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

ताराबाई पार्क डॉक्टर

वरचं सगळं बरोबर. मी डॉक्टर म्हणून थोडी भर घालते, कारण माझ्याकडं क्रूझला निघालेले पेशंट येतात ते बहुतेक साठीच्या पुढचे असतात.

औषधं हातातल्या बॅगेत. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते. बंदरावर मोठ्या बॅगा तुमच्याकडनं घेतात आणि त्या खोलीत यायला संध्याकाळ होऊ शकते, सुईट असला तरी. बीपीची, शुगरची, रक्त पातळ करायची गोळी, इन्सुलिन, सगळं जवळ. इन्सुलिन असेल तर खोलीतल्या छोट्या फ्रीजवर विसंबू नका, त्यातले काही नुसते गार ठेवतात, थर्मामीटर ठेवून बघा किंवा मेडिकल सेंटरला विचारा. प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, ब्रँडचं नाव परदेशात कुणाला कळत नाही.

मळमळीची गोळी त्रास सुरू झाल्यावर घेण्यापेक्षा आधी घेतलेली बरी, पण या गोळ्यांनी झोप येते, प्रोस्टेट किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊच नये. आल्याचा तुकडा चघळा, क्षितिजाकडं बघत मोकळ्या हवेत बसा, पोट रिकामं ठेवू नका. जहाजावर डॉक्टर असतो पण त्याची फी डॉलरमध्ये आणि ती क्लासप्रमाणे बदलत नाही, सुईटवाल्यालाही बिल येतंच. त्यामुळं इन्शुरन्स घेताना 'क्रूझ' आणि समुद्रातनं हेलिकॉप्टर किंवा बोटीनं हलवायचा खर्च त्यात धरलाय का हे वाचूनच सही करा. आधीचा आजार लपवू नका, क्लेम तिथंच अडकतो.

आणि हात साबणानं धुवा. जहाजावर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस पसरतो त्याला नुसतं सॅनिटायझर पुरत नाही.

गुजरीतली सून

आम्ही जैन आहोत, सासूबाई कंदमुळं खात नाहीत, त्यामुळं आमचा पहिला प्रश्न जेवणाचा. बुकिंग करतानाच लेखी कळवलं, मग निघायच्या आधी परत मेल केला, आणि चढल्यावर बटलरला भेटून परत सांगितलं. तीनही ठिकाणी सांगा, एकावर थांबू नका. सुईटवाल्यांच्या छोट्या रेस्टॉरंटचा मोठा फायदा हा की शेफ टेबलापाशी येतो, आदल्या रात्री विचारून घेतो उद्या काय करू. मोठ्या बुफेत कोण कुणाला विचारणार. आमच्या शेफला 'जैन' कळेना तेव्हा सासूबाईंनी बटाटा, कांदा, लसूण, गाजर, मुळा अशी सगळी नावं कागदावर लिहवून घेतली आणि तो कागद त्यानं किचनमध्ये लावला, दुसऱ्या दिवशीपासून एक चूक नाही.

सोबत सीलबंद पाकिटातलं नेलं तर चालतं, आम्ही खाकरा आणि चटणी नेली होती. पण फळं, घरचं ओलं काही बंदरावर उतरताना पर्समध्ये ठेवू नका, बऱ्याच देशांत दंड होतो. छोटी केटली, इस्त्री, इंडक्शन काही नेऊ नका, स्कॅनिंगमध्ये काढून ठेवतात आणि उतरताना परत देतात. उदबत्ती, निरांजन, कापूर पण नाही, आग ही जहाजावर सगळ्यात मोठी भीती. सासूबाईंनी पूजेला फूल आणि पाणी एवढंच ठेवलं. चहाचं गरम पाणी बटलर आणून देतो, बहुतेक सुईटमध्ये कॉफी मशीन असतंच.

राजारामपुरीकर

मी लिहिते युरोपचं. एमएससी कंपनीच्या जहाजावरचा यॉट क्लब, भूमध्य समुद्रात. सासूबाई बरोबर होत्या. यॉट क्लब म्हणजे जहाजातलं वेगळं जहाज समजा, कार्ड टेकवल्याशिवाय त्या भागात येताच येत नाही, त्यांचा लाउंज, रेस्टॉरंट, पूल सगळं आत, आणि ड्रिंक्स, वायफाय भाड्यातच धरलेलं. उद्यमनगरवाले म्हणतात तसं ते पुढं नि वरच आहे, आणि हो, एका रात्री जाणवलं, पण उन्हाळ्यात समुद्र तसा शांत होता.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो सँटोरिनीला. तिथं मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, लांब उभं राहतं आणि छोट्या बोटीनं, तिला टेंडर म्हणतात, किनाऱ्यावर जायचं. बाकीच्यांना नंबर घेऊन थांबावं लागत होतं, आम्हाला माणूस बरोबर घेऊन मागच्या जिन्यानं थेट खाली नेलं. उतरल्यावर मात्र केबल कारची रांग सगळ्यांना सारखीच, तिथं तुमचा सुईट कुणी विचारत नाही. म्हणून सकाळची पहिली टेंडर घ्या.

व्हिसाचं नीट ऐका. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) एकदाच प्रवेशाचा असेल आणि मध्ये जहाज तुर्कस्तानच्या बंदराला गेलं तर तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडलात, परत ग्रीसमध्ये शिरायला दुसरा प्रवेश लागतो. मल्टिपल एंट्रीच मागा आणि अर्जाला क्रूझचा पूर्ण मार्ग जोडा. पासपोर्ट प्रवास संपल्यावर सहा महिने तरी चालू असावा. बोटांचे ठसे द्यायला आपल्याला पुण्या-मुंबईला जावं लागतं, त्याचा वेळ धरा.

कपड्यांचं टेन्शन घेऊ नका. फॉर्मल नाइटला मी इरकल नेसले होते, बाजूच्या टेबलावरच्या बायका येऊन पदर हातात घेऊन बघत होत्या. पुरुषांना बंदगळा मस्त.

महालक्ष्मीनं_मुंबई

भावांनो मी देशातलंच सांगतो, मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस जहाज. कोल्हापूरकरांना सगळ्यात सोपं हेच, रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये झोपायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, तिथनं बॅलार्ड पिअर टॅक्सीनं अगदी जवळ. आपण आईबाबांना सुईट घेतला, स्वतः साधी खोली. एक लक्षात घ्या, हे जहाज १९९० सालचं आहे, आधी रॉयल कॅरिबियनकडं होतं, त्या काळात बाल्कन्या फार कमी बांधायचे. त्यामुळं परदेशी नव्या जहाजावर असतो तसा वेगळा सुईटवाल्यांचा विभाग डोक्यात ठेवून जाऊ नका. खोली ऐसपैस मिळते आणि चढताना सोय होते, आईबाबांना तेवढं पुरलं, जेवण आपलंच असल्यामुळं ते खूशच. लाटांचा त्रास होत असेल त्यांनी पावसाळा टाळून थंडीत जा, अरबी समुद्र तेव्हा शांत.

शाहूपुरी सीए

पैशांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

परदेशी पॅकेजवर एजंट टीसीएस, म्हणजे बिलाबरोबरच आगाऊ टॅक्स, घेतो, सुईटचं बिल मोठं म्हणजे तोही मोठा. हा खर्च नाही, तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्नमध्ये टॅक्समधनं वजा करता येतो किंवा परत मिळतो. पण ज्याच्या नावानं बिल आणि ज्याच्या खात्यातनं पैसे, त्याचाच पॅन द्या. मुलानं पैसे भरायचे आणि पॅन रिटर्न न भरणाऱ्या आईचा, असं केलं की गुंता होतो.

जहाजावर रोख चालत नाही, खोलीच्या कार्डावर सगळं लागतं आणि मागं तुमचं क्रेडिट कार्ड जोडलेलं असतं. फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड जोडू नका, ते रोज अंदाजे रक्कम अडकवून ठेवतात आणि ती सुटायला उतरल्यावरही बरेच दिवस जातात. बऱ्याच कंपन्या रोज माणशी टिप आपोआप लावतात, सुईटला थोडी जास्त. ती भाड्यात आहे की वेगळी हे आधी विचारा. बटलरला वेगळं काही द्यायचं ते आपल्या मनावर.

काही कंपन्या निघायच्या आधी अपग्रेडची बोली लावायला मेल पाठवतात, रॉयल कॅरिबियनचं 'रॉयल अप' तसं आहे. त्यात दिसतो तो आकडा माणशी असतो, खोलीचा नाही, दोघांचा गुणाकार करून मग ठरवा. आणि खोलीचा नंबर तुमच्या हातात राहत नाही, म्हणजे वर उद्यमनगरच्या दादांनी सांगितलेलं सगळं सोडून द्यावं लागतं.

फोन निघताच फ्लाइट मोडवर. बंदर मागं पडलं की जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि त्याचे रोमिंगचे दर साध्या परदेशी पॅकमध्ये बसत नाहीत.

रंकाळा_संध्याकाळ

आम्ही दोघंच, तिशीतले, आम्ही सुईट बघितला आणि मुद्दाम साधी बाल्कनी मधल्या डेकवर घेतली. दिवसभर बंदरात फिरायचं, रात्री शो बघायचा, खोलीत राहतो कोण? वाचलेल्या पैशात आम्ही गावागावात छान जेवलो. आईबाबांना नेणार तेव्हा सुईट, हे मात्र आमचं पक्कं.

एक सगळ्यांसाठी, कुठल्याही क्लासचे असा. स्वतः टॅक्सी करून फिरत असाल तर जहाजाच्या वेळेच्या खूप आधी परत या. कंपनीची टूर घेतली असेल तर उशीर झाला तरी ते तुमची सोय बघतात, स्वतःचे गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. आणि जहाजाचं घड्याळ गावाच्या घड्याळापेक्षा वेगळं असू शकतं.

पंचगंगाकाठ

@रंकाळा_संध्याकाळ, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

मी एक घालतो. निघायच्या बंदराला एक दिवस आधी पोचाच. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली जाऊन बंद झालेला आपण सगळ्यांनी बघितलाय, आणि युरोपचे, अलास्काचे बरेच क्रूझ नेमके जुलै-ऑगस्टात असतात. त्या दिवसांत तर दोन दिवस आधी मुंबई गाठा. जहाज सुटलं की पुढच्या बंदरावर गाठायचा खर्च आपलाच.

आणि सेफ्टी ड्रिल, म्हणजे संकट आलं तर कुठं जमायचं त्याचा सराव. सात छोटे भोंगे आणि एक लांब. २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज इटलीजवळ खडकावर आपटलं तेव्हा नुकत्याच चढलेल्या लोकांची ड्रिल झालेलीच नव्हती, त्यानंतर नियम कडक झाले, आता निघायच्या आधी किंवा निघताक्षणी ती घ्यावीच लागते. सुईटवाल्यांनी पण जायचं, बटलरला सांगून सुटत नाही. आईवडिलांना आपली जागा कुठली ते स्वतः चालवून दाखवा.

कसबा बावडा

सगळं वाचलं, खूप उपयोगी. माझी आई व्हीलचेअरवर असते, थोडी उभी राहू शकते. सुईट घेतला की व्हीलचेअरची सोय आपोआप होते का?

ताराबाई पार्क डॉक्टर

नाही होत, आणि हे बुकिंगच्या आधी बघा. नेहमीच्या खोल्यांच्या बाथरूमला बऱ्याचदा उंबरा असतो, सुईट असला तरी. 'ॲक्सेसिबल' नावाच्या वेगळ्या खोल्या असतात, दार रुंद, बाथरूम सपाट, धरायला दांडे. त्या प्रत्येक जहाजावर मोजक्याच, सुईटमध्ये तर आणखी कमी, म्हणून वर्षभर आधी विचारा. बंदरावर व्हीलचेअर देतात ती बहुतेक फक्त चढता-उतरताना, आत फिरायला स्वतःची न्यावी लागते. टेंडरची बंदरं कमी असलेला मार्ग निवडा, समुद्र थोडा खवळला तरी खुर्ची त्या बोटीत घेत नाहीत. कंपनीचा अपंगत्वाचा फॉर्म असतो तो एजंटला न देता स्वतः भरा, आईंचं वजन, खुर्चीची रुंदी, बॅटरी असेल तर कुठली, सगळं लागतं.

कसबा बावडा

धन्यवाद डॉक्टर मॅडम. उद्याच खुर्ची मोजतो आणि फॉर्म मागवतो.