सायप्रस फुटला तो १९७४ ला की १९६३ लाच?

बोरूबहाद्दर:
सायप्रस, भूमध्य समुद्रातलं ग्रीक आणि तुर्क वस्तीचं बेट, कधी दुभंगलं हा विषय निघाला की सगळे २० जुलै १९७४ वर बोट ठेवतात. त्या दिवशी तुर्कस्तानच्या फौजा उत्तर किनाऱ्यावरच्या किरेनियाजवळ उतरल्या हे खरंच, पण बेट त्याआधीच फुटलं होतं. इंग्रज गेल्यावरची १९६० ची राज्यघटना पाहा: राष्ट्राध्यक्ष ग्रीक, उपराष्ट्राध्यक्ष तुर्क, दोघांनाही नकाराधिकार. सरकारी नोकऱ्या ७०:३०, लष्कर ६०:४०. तुर्कांची लोकसंख्या मात्र १८ टक्क्यांच्या आसपास. नोव्हेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आर्चबिशप मकारिओस यांनी तुर्कांचे हे खास अधिकार कमी करणाऱ्या १३ घटनादुरुस्त्या पुढे केल्या आणि डिसेंबरात राजधानी निकोसियात गोळीबार सुरू झाला. मग मेजर जनरल पीटर यंग या ब्रिटिश अधिकाऱ्याने नकाशावर दोन्ही समाजांना वेगळं करणारी रेघ हिरव्या पेन्सिलीने ओढली, तीच ग्रीन लाइन. १९७४ ने ती फक्त बेटभर लांबवली.

तिरकस:
"फक्त"? दीड लाखाहून जास्त ग्रीक सायप्रसवासी देशोधडीला लागले, त्याला फक्त म्हणायचं? यंगची रेघ निकोसियापुरती होती. आणि १४ ऑगस्टचं काय? तोवर अथेन्समधली लष्करी राजवट कोसळली होती, तिने मकारिओसना हटवून बसवलेला राष्ट्राध्यक्ष सॅम्पसनही गेला होता. तरी जिनिव्हातली बोलणी फिसकटताच तुर्की फौजा पुढे सरकल्या आणि बेटाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग त्यांनी गिळला. फामागुस्ता शहरातला वारोशा भाग तेव्हा ओस पडला, त्याला काय १३ दुरुस्त्या कारण?

मीरा_ठाणे:
तिरकसराव, सॅम्पसनला एका ओळीत उरकलंत! बेट ग्रीसला जोडायचं म्हणून लढलेल्या ईओका या ग्रीक सायप्रसवासीयांच्या सशस्त्र संघटनेचा हा बंदूकबाज १५ जुलैला राष्ट्राध्यक्ष झाला. तुर्की सायप्रसवासीयांनी काय समजायचं? १९६३-६४ मध्ये त्यांच्यातले सुमारे २५ हजार लोक गावं सोडून कोंडवाड्यासारख्या वस्त्यांत गेले होते. तिथे सिमेंट न्यायलाही बंदी.

तिरकस:
आणि त्यांना परत गावी जाऊ न देणारी टीएमटी? ती तुर्की सायप्रसवासीयांचीच सशस्त्र संघटना ना, ताई?

उंडगा बोका:
दोघं भांडताय आणि इंग्रज नामानिराळा! ईओकाने १९५५ मध्ये इंग्रज राजवटीविरुद्ध उठाव केला, तो मोडायला इंग्रजांनी सहायक पोलिसांत तुर्क भरले. बेटावरचे अक्रोटिरी आणि ढेकेलियाचे लष्करी तळ आजही त्यांच्याच ताब्यात आहेत.

बोरूबहाद्दर:
बोकोबा, इंग्रजांनी तेल ओतलं, मान्य. पण १९५० मध्ये चर्चने घेतलेल्या सार्वमतात सुमारे ९६ टक्के ग्रीकांनी ग्रीसशी विलीनीकरण मागितलं. तुर्कांना विचारलंय कोणी?
तिरकस, १९७४ पर्यंत सगळं आलबेल होतं तर संयुक्त राष्ट्रांची फौज मार्च १९६४ मध्येच का आली? आपले जनरल थिमय्या तिचे प्रमुख होते, डिसेंबर १९६५ मध्ये सायप्रसमध्येच वारले. (पुण्याच्या ईस्ट स्ट्रीटला त्यांचंच नाव आहे, कुणी वापरत नाही ते सोडा.)

तिरकस:
आलबेल कोण म्हणतंय? १९६३ चं भांडण बोलून मिटण्याजोगं होतं, एवढंच म्हणतोय. तुर्की सैन्य आजही उत्तरेत आहे, आणि १९८३ मध्ये तिथे जाहीर केलेल्या "देशाला" तुर्कस्तानखेरीज कोणी मानत नाही.

मीरा_ठाणे:
बोलून मिटवायची संधी एप्रिल २००४ मध्ये आली होती की. बेट पुन्हा एक करायच्या संयुक्त राष्ट्रांच्या अन्नान योजनेला सार्वमतात ६५ टक्के तुर्की सायप्रसवासी हो म्हणाले, ७६ टक्के ग्रीक नाही म्हणाले. आठवडाभरात युरोपीय संघाचं सदस्यत्व मिळालं ते "नाही" म्हणणाऱ्यांना!

तिरकस:
त्या योजनेत तुर्की सैन्य वर्षानुवर्षं राहणार होतं, आणि विस्थापितांच्या घरवापसीवर मर्यादा होत्या. स्वतःचं घर उत्तरेत असतं तर सही केली असतीत का?

मीरा_ठाणे:
केली असती. वाट पाहून तरी काय मिळालं?