फाइल अडकलीय की परवानगी नाही?

घरच्या नासवरची (नास म्हणजे सगळ्या संगणकांना नेटवर्कवरून वापरता येणारी सामायिक डिस्क) वर्डची फाइल 'फक्त वाचण्यासाठी' उघडते आणि फोटोंचा फोल्डर पुसताना 'ॲक्सेस डिनाइड' येतं, असं तुम्ही लिहिलंय. हे दोन वेगळे आजार आहेत, औषधंही वेगळी.

पहिला लॉकचा, म्हणजे कुठल्यातरी संगणकानं फाइल धरून ठेवल्याचा. राजारामपुरीत आमच्या घरी खाली भावाचा फोटो स्टुडिओ, वर मी, नास एकच. ऐन लग्नसराईत एका बिलाची फाइल दोन दिवस अडकली. लपलेल्या फाइली दाखवल्यावर टिल्ड आणि डॉलरच्या चिन्हांनी सुरू होणारी बारकी फाइल सापडली. मूळ फाइल कुणीतरी उघडलीय, याची वर्डनं ठेवलेली ती खूण. लाइट गेली तेव्हा खालचा संगणक धाडकन बंद पडलेला, त्यात ही मागे राहिली होती. सगळीकडे वर्ड बंद आहे याची खात्री करूनच ती पुसा. तशी फाइल नसेल तर नासवर 'एसएमबीस्टेटस' (smbstatus) ही आज्ञा चालवा. कुठल्या संगणकानं काय धरून ठेवलंय ते दिसतं.

दुसरा परवानगीचा. शेअरची (नेटवर्कवर खुल्या केलेल्या मुख्य फोल्डरची) परवानगी आणि आतल्या फोल्डरची परवानगी, दोन्ही बघा. जी कडक तीच चालते. विंडोज एकाच सर्व्हरला एका वेळी दोन नावांनी जोडू देत नाही. जुनं गेस्ट लॉगिन चिकटून असेल तर विंडोजच्या 'नेट यूज' (net use) या आज्ञेनं ते काढा, मग स्वतःच्या नावानं जोडा.

आणि याआधी कुणीतरी सुचवलेलं ७७७, म्हणजे फोल्डरची सगळी परवानगी सगळ्यांना देणं, कृपया करू नका. घरातल्या एका संगणकात व्हायरस शिरला तर सगळ्यांचे फोटो त्याच्या हाती जातील. फोल्डरचा मालक आणि ग्रुप नीट लावा, त्याला दहा मिनिटं पुरतात.