मदत हवी आहे: दातांमागची फिक्स्ड रिटेनरची तार एका टोकाला सुटली आहे

नमस्कार मंडळी. लेकीच्या ब्रेसेस गेल्या वर्षी निघाल्या. खालच्या पुढच्या सहा दातांना, सुळ्यापासून सुळ्यापर्यंत, दात पुन्हा सरकू नयेत म्हणून आतून बारीक तार (फिक्स्ड रिटेनर) चिकटवलेली आहे. परवा कणीस खाताना डाव्या सुळ्यावरचा, तार चिकटवणाऱ्या कॉम्पोझिटचा (दाताच्या रंगाच्या सिमेंटसारख्या पदार्थाचा) ठिपका निघाला आणि तारेचं टोक जिभेला टोचू लागलं. सध्या त्यावर ऑर्थो वॅक्स (टोचू नये म्हणून लावायचं मऊ मेण) लावलंय.

अडचण अशी की ब्रेसेस लावणारे ऑर्थोडॉन्टिस्ट कोल्हापुरात आणि लेक पुण्यात हॉस्टेलला. बाईसाहेब म्हणतात, दिवाळीत बघू! मला ते पटत नाही. ब्रेसेसने दात सरकवताना ताणलेले हिरड्यांचे तंतू दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. सुटलेला दात एकदा सरकला की तीच तार पुन्हा नीट बसत नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, तिथेच कुणाकडून चिकटवून घ्या, पण तार वाकवू देऊ नका.

तर कोथरूड-कर्वेनगर भागात दुसऱ्याने बसवलेली तार चिकटवून देणारं कुणी माहीत आहे का? नेहमीचा डेंटिस्ट चालेल की ऑर्थोडॉन्टिस्टच गाठावा? रात्री घालायचा पारदर्शक रिटेनर तिच्याकडे आहे. तोवर तो दिवसाही घातला तर दात जागेवर राहतील का?

आणखी एक. खालच्या दातांमागे लाळग्रंथींची तोंडं असल्याने तिथे कीटण लवकर साचतं, त्यात ही तार. थ्रेडरने (सुईसारख्या प्लास्टिकच्या फासाने) तारेखालून फ्लॉस, म्हणजे दात साफ करायचा दोरा, ओवायचा तिला जाम कंटाळा. तार असलेल्या कुणी वॉटर फ्लॉसर (पाण्याच्या फवाऱ्याने फटी साफ करणारं यंत्र) किंवा दातांच्या फटीतला छोटा ब्रश वापरलाय का? खरंच फरक पडतो का?