कांद्याच्या भावाचे दोन बाण काढले म्हणजे मॉडेल झालं?

साठा_प्रवाह: काल इथे एकाने कांद्याच्या भावाचं 'सिस्टिम डायनॅमिक्स मॉडेल' टाकलं, म्हणजे साठे, प्रवाह नि उशीर मांडून एखादी व्यवस्था काळानुसार कशी वागते ते दाखवणारं मॉडेल. भाव चढला की लागवड वाढते, लागवड वाढली की भाव पडतो, दोन बाण, एक वजाचं चिन्ह, आणि निष्कर्ष काय तर बाजार आपोआप ताळ्यावर येतो. अरे, यात साठे कुठे आहेत? चाळीतला (साठवणीच्या शेडमधला) कांदा, शेतात उभा कांदा, शेतकऱ्याने मनात धरलेला भाव, हे सगळे साठे, आणि ते भरायला नि उतरायला महिने लागतात. तो उशीर घातला की हीच लूप, म्हणजे कारण-परिणामांचं फिरून स्वतःवरच येणारं चक्र, ताळ्यावर यायच्या ऐवजी हेलकावे खायला लागते. डेनिस मेडोजने १९७० मध्ये डुकरं, गुरं, कोंबड्यांच्या भावचक्रावर हेच दाखवलंय. ही शाखा सुरू करणाऱ्या जे फॉरेस्टरची सुरुवातसुद्धा अशीच, जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या कारखान्यात कामगारांची संख्या सारखी वरखाली का होते ते त्याने वहीत हाताने आकडे मांडून काढलं, आणि मूळ सापडलं ते कंपनीच्याच भरतीच्या नियमांत. नुसत्या बाणांत हे दिसत नाही, मॉडेल चालवावं लागतं.

रिग्रेशनराव: चालवून दिसतं काय, तर जे तू आत घातलंस तेच. 'डेटाशिवाय मोजमाप' असं अर्थतज्ज्ञ नॉर्डहाउसने १९७३ मध्येच म्हणून ठेवलंय. दहा पॅरामीटर (मॉडेलमधले ठरावीक आकडे) मनाने ठेवले की हवा तो हेलकावा निघतो.

साठा_प्रवाह: तो फॉरेस्टरच्या जगाच्या मॉडेलबद्दल बोलला होता, सगळ्या शाखेबद्दल नाही. डेटा नाही म्हणून एखादी गोष्ट वगळलीस तर तिचा परिणाम शून्य धरलास, हे फॉरेस्टर १९६१ पासून सांगत होता. आणि तपासण्या असतात रे. युनिटं जुळतात का, पाऊस शून्य केला तर पीक शून्य येतं का, टाइम स्टेप (मॉडेल एका वेळी जितका काळ पुढे सरकतं तो टप्पा) अर्धी केली तरी हेलकावा तसाच राहतो का. हे न करता मॉडेल मिरवणाऱ्यांवर माझाही राग आहे.

निफाडचा_कांदा: मनात धरलेला भाव काय डोंबलाचा? ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, डिसेंबरात थेट बंदी, ती उठली मे २०२४ मध्ये, बंदी लागली तेव्हा आमचा लाल कांदा ऐन बाजारात आणि भाव जमिनीवर, ट्रॅक्टरचं भाडं निघेना, त्या वर्षी माझ्या धाकट्या भावाने कांद्याचं क्षेत्र निम्म्यावर आणलं नि मका केला. आणि चाळ म्हणजे काय टाकी आहे का, उन्हाळी कांदा ठेवला की आधी वजन घटतं, मग पाऊस लागला की सडायला लागतो. तुमच्या चित्रात सड कुठेय आणि सरकार कुठेय?

ठाण्याची_गृहिणी: बंदी घालायची नाही तर आम्ही काय खायचं? भाव चढले की आमच्या घरचं महिन्याचं गणित कोलमडतं, त्याच्यावर कोणी चर्चा करत नाही.

निफाडचा_कांदा: ताई, भाव पडतो तेव्हा आमच्यासाठी कोण बोलतं? दोन रुपये किलोने लिलाव झाला तेव्हा तुम्ही कुठे होता?

ठाण्याची_गृहिणी: तेव्हाही आम्हाला दुकानात दोन रुपयांना मिळाला नव्हता. मधला पैसा कोण खातं ते विचारा, माझ्यावर ओरडू नका.

रिग्रेशनराव: भांडण कशाला, बंदी हा बाहेरचा धक्का आहे, डमी व्हेरिएबल घाला, म्हणजे बंदी असेल तेव्हा १, नसेल तेव्हा ०, संपलं.

साठा_प्रवाह: नाही संपलं! बंदी आकाशातून पडत नाही. १९९८ ला दिल्लीत कांद्याने निवडणूक फिरवली, तेव्हापासून प्रत्येक सरकार किरकोळ भावाकडे डोळे लावून बसलंय. भाव चढला की बंदी, बंदीने भाव आपटला की पुढची लागवड कमी, मग टंचाई, मग पुन्हा बंदी. निफाडकरांच्या धाकट्या भावाने केलेला मका याच लूपमध्ये आहे, आणि ताईंचं गणितही. डमी घातलास की नेमकी हीच लूप तुटते आणि पुढच्या बंदीचं कारण तुला कधीच सापडणार नाही.

रिग्रेशनराव: बरं, बंदी आत घे. पण किती भावाला नि किती दिवसांनी सरकार हलतं हा आकडा शेवटी डेटातूनच काढशील ना? तिथे माझ्याच दारात येणार आहेस.

साठा_प्रवाह: येईन. पण लूप कुठली ते आधी ठरवून येईन.

निफाडचा_कांदा: आमच्या चाळीतल्या घटीचं महिन्यावार टिपण माझ्याकडे आहे, पाठवतो. पण उळे (कांद्याचं बी) टाकायच्या आधी उत्तर द्या, एकदा लागवड झाली की मला त्याचा उपयोग नाही.