पटत नव्हतं तर जेफरसनने १७९२ मध्येच राजीनामा द्यायला हवा होता

रामबागकर (इंदूर)
आमच्या रामबागेतल्या वाचन कट्ट्यावर अमेरिकेच्या पहिल्या मंत्रिमंडळावरून चांगलीच जुंपली. बहुतेकांचं मत आधीच ठरलेलं: जेफरसन शेतकऱ्यांचा, हॅमिल्टन सावकारांचा. मला हे पटत नाही, म्हणून इथे मांडतोय.

हॅमिल्टन अर्थमंत्री, जेफरसन परराष्ट्रमंत्री, वर राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन. १७९१ मध्ये हॅमिल्टनने राष्ट्रीय बँकेचा घाट घातला. राज्यघटनेत असा अधिकार कुठेच नाही, असं जेफरसनने लेखी कळवलं. वॉशिंग्टनने दोघांची टिपणं वाचली आणि बँकेच्या कायद्यावर सही केली. इथवर सगळं रीतसर. पुढे काय झालं? जेफरसनने फिलिप फ्रेनो नावाच्या कवीला आपल्या खात्यात अनुवादक म्हणून घेतलं. पगार वर्षाला २५० डॉलर, आणि काम असं की जुजबी फ्रेंच येत असलं तरी भागेल. त्याच वर्षी ऑक्टोबरात फ्रेनोने 'नॅशनल गॅझेट' काढलं आणि हॅमिल्टनला उभा-आडवा झोडपायला सुरुवात केली. म्हणजे पगार सरकारी तिजोरीतून आणि शिव्या तिजोरी सांभाळणाऱ्याला!

वॉशिंग्टनने विचारलं तेव्हा जेफरसनने देवाची शपथ घालून सांगितलं की पेपरातल्या मजकुरात माझा हात नाही. असला मनुष्य ३१ डिसेंबर १७९३ पर्यंत त्याच मंत्रिमंडळात बसून होता. मतभेद असू द्या, पण मग बाहेर पडून उघड लढा.

लष्करवाला (ग्वाल्हेर)
रामबागकर, अर्धीच गोष्ट सांगितलीत. समोर हॅमिल्टनच्या बाजूने जॉन फेनो (फ्रेनो नव्हे) या संपादकाचं 'गॅझेट ऑफ द युनायटेड स्टेट्स' होतं. त्याला अर्थखात्याची छपाईची कामं मिळायची, ती काय धर्मादाय होती? आणि हॅमिल्टन स्वतः त्यात टोपणनावांनी जेफरसनवर लिहायचा.

ऑगस्ट १७९२ मध्ये वॉशिंग्टनने दोघांना वेगवेगळी पत्रं लिहून आवरा म्हटलं. दोघांची उत्तरं एकाच तारखेची, ९ सप्टेंबर. हॅमिल्टनने त्यात कबूल केलं की या प्रत्युत्तरांत माझा हात आहे आणि तूर्त मला माघार घेता येणार नाही. खुद्द राष्ट्राध्यक्षाला असं लिहिणारा अर्थमंत्री!

राजीनाम्याचं म्हणाल तर जेफरसनला त्याच वेळी घरी जायचं होतं. वॉशिंग्टननेच त्याला थांबवून धरलं. मंत्रिमंडळात दोन्ही बाजू राहाव्यात ही म्हाताऱ्याची इच्छा होती.

रामबागकर (इंदूर)
तुम्हीच माझं काम केलंत, भिया. एकाने लिहिलं आणि कबूल केलं, दुसऱ्याने माणूस पगारावर ठेवला आणि हात वर केले. फरक दिसतोय ना?

निवृत्त बँकवाला
'सावकारांचा हॅमिल्टन' यावर थोडं. क्रांतियुद्धातल्या सैनिकांना रोख पैशांऐवजी कर्जरोखे मिळाले होते. गरजेपोटी अनेकांनी ते मातीमोलाने विकले. हॅमिल्टन म्हणाला, आज रोखा ज्याच्या हातात त्याला पूर्ण रक्कम. काँग्रेस म्हणजे तिथल्या संसदेचा सभासद मॅडिसन, त्याची सूचना होती की मूळ सैनिकालाही वाटा द्यावा, ती पडली. सैनिकावर अन्याय झाला हे उघड आहे. पण रोखा विकत घेणाऱ्याला सरकार उद्या विचारणार असेल की बाबा, हा तू कितीला घेतलास, तर त्या सरकारचा कागद पुन्हा कोण हातात धरेल? बँकेत आयुष्य गेलं, त्यामुळे मला हॅमिल्टनची बाजू घेताना लाज वाटत नाही.

गंमत पुढे आहे. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर जेफरसनने ती बँक मोडली नाही. १८०३ मध्ये दीड कोटी डॉलरला लुइझियाना घेतला, तोही मुख्यतः रोखे काढूनच. घटनेत असा अधिकार नाही हे त्याला स्वतःलाही ठाऊक होतं.

पागनीसपागा
त्या जेवणाचं कोणीच कसं काढलं नाही? जून १७९०, न्यूयॉर्कला जेफरसनच्या घरी हॅमिल्टन आणि मॅडिसन जेवायला. राज्यांची युद्धकर्जं केंद्राने उचलायची, बदल्यात राजधानी दक्षिणेकडे पोटोमॅक नदीकाठी. व्हर्जिनियाने आपलं बरंचसं कर्ज फेडलं होतं, म्हणून तिथे विरोध जास्त होता. पुढे जेफरसन म्हणाला की मला फसवलं. स्वतःच्या घरी जेवायला बोलावून फसतो कोण?

आपल्याकडे तेव्हाच्या मध्य भारत राज्यात १९४८ ला राजधानी उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर अशी वाटून घेतली. १९५६ ला ती गेली भोपाळला. लष्करवाल्यांना विचारा, त्या सौद्यात कोण फसलं ते.

लष्करवाला (ग्वाल्हेर)
दोघंही. विषयावर या.

लोकमान्यनगर (इंदूर)
तुमच्या या दोन्ही थोरांच्या भांडणात गुलाम कुठे आहेत? कर्ज म्हणजे पाप असं म्हणणारा जेफरसन स्वतः एक लाखाहून जास्त डॉलर देणं ठेवून वारला. ते फेडायला जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिसेलो या त्याच्या मळ्यावर १३० गुलामांचा लिलाव झाला. नवरा एकीकडे, मुलं दुसरीकडे. रोख्याच्या हक्काची एवढी चर्चा करताय, त्या १३० जणांच्या हातात कसला कागद होता? हॅमिल्टनचे चाहतेही फार हसू नका, त्याची सासुरवाडी गुलाम बाळगणारीच होती. राजीनामा दिला की नाही, हा मला फार लहान प्रश्न वाटतो.

रामबागकर (इंदूर)
ताई, तुमचा मुद्दा मोठा आहे आणि त्यावर वेगळी चर्चा व्हायलाच हवी. पण त्याने माझा प्रश्न मिटत नाही.

लष्करवाला (ग्वाल्हेर)
मिटवतो. १७९८ चा देशद्रोहाचा कायदा आठवा. हॅमिल्टनच्याच फेडरलिस्ट पक्षाने केलेला. सरकारविरुद्ध लिहिलं म्हणून मॅथ्यू लायन हा काँग्रेसचा सभासद चार महिने तुरुंगात गेला आणि तिथूनच पुन्हा निवडून आला. या लोकांसमोर १७९२ मध्ये जेफरसनने सगळे पत्ते उघडे टाकायला हवे होते का?

रामबागकर (इंदूर)
लायन तुरुंगात गेला, फ्रेनोला पगार होता. ऑक्टोबर १७९३ मध्ये फ्रेनोने सरकारी नोकरी सोडली आणि त्याच महिन्यात पेपर बंद पडला. यावरून पेपर कशावर चालत होता ते कळतं.

निवृत्त बँकवाला
या ठिकाणी मी लष्करवाल्यांच्या बाजूने. त्या हिवाळ्याच्या तोंडावर फिलाडेल्फियात, म्हणजे तेव्हाच्या राजधानीत, पीतज्वराने हजारो माणसं मेली, ज्यांना जमलं ते गाव सोडून पळाले, सरकारसुद्धा. वर्गणी कोण भरणार होतं? आणि २५० डॉलरमध्ये पेपर चालतो हा हिशेब मला तरी कुठल्या खतावणीत बसवून दाखवा.